यावदोखाचं पोलकं

स्टेला मार्किव्ना यावदोखाचं पोलकं घालून व्यासपीठावर आली, तशी फिरा युखिमिव्नाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती गप्प बसून राहिली. वर्षभर कळ काढली होती, अजून पाच मिनिटं निघाली असती.

विनित्सातल्या ज्यू मंडळाचा हा मे महिन्यातला समारंभ. हवाई हल्ल्याच्या भोंग्यांच्या कटकटीपायी तो आता तळघरातच भरतो. सगळे भरतकामाचे युक्रेनी सदरे घालून येतात, वारेनिकी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, हाणतात, युक्रेनी गाणी म्हणतात, मधूनच ज्यूंच्या जुन्या बोलीतलं एखादं यिद्दिश. शेवटी मंडळाची अध्यक्ष स्टेला आपल्या आईची गोष्ट सांगते. आपल्या आईची म्हणे!

गोष्ट होती फिराच्या आईची. एक्केचाळीस साली जर्मनांनी गावातल्या ज्यूंना गोळ्या घालायला खंदकाकडे नेलं, त्या दिवशी ती सोळा वर्षांची पोर निसटली. शेजारच्या खेड्यातल्या यावदोखा नावाच्या विधवेने तिला आपलं हे भरतकामाचं पोलकं चढवलं आणि भाची म्हणून अडीच वर्षं घरात ठेवलं. कुणाला कळलं असतं तर दोघींनाही गोळी. मागच्या मे महिन्यात स्टेलाने हे पोलकं प्रदर्शनासाठी एका दिवसापुरतं मागून नेलं. आज धुवायला टाकलंय, उद्या चौकटीत बसवायचंय, असं करत करत एके दिवशी वर्तमानपत्रात फोटोच आला. पोलकं स्टेलाच्या अंगात, आणि तिच्या आईला वाचवणारी बाई कोण, तर मारिया. फिरा जाब विचारायला गेली, तर म्हणते कशी, तुमचं वय झालं, तुमच्या डोक्यात घोटाळा होतोय.

तेही फिराने गिळलं असतं. पण खेड्यात यावदोखाच्या लेकीने, पारास्काने, ते वर्तमानपत्र वाचलं. पंच्याऐंशीची म्हातारी. तिने फोन करून विचारलं, "फिरा, माझ्या आईचं नाव मीच विसरले का गं?" फिराने शब्द दिला, पुढच्या मे महिन्यात सगळ्यांसमोर तुझ्या आईचं नाव घेतलं जाईल. फेब्रुवारीत पारास्का गेली. त्या दिवसापासून फिराला दुसरं काही सुचत नव्हतं.

स्टेला कशात अडकेल हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. अध्यक्ष झाल्यापासून बाईसाहेब एकदम धर्मनिष्ठ झाल्या होत्या, धर्मगुरूंच्या, रब्बींच्या पुढेपुढे करत होत्या. आणि आपल्या धर्मात लोकर नि लिनन एका कपड्यात अंगावर घालायला मनाई आहे. सोव्हिएत शाळांत वाढलेल्यांच्या हे गावीही नसतं.

स्टेलाने वर्तमानपत्रातलीच गोष्ट मस्त रंगवली. मारियाने मेंढ्या पाळल्या, स्वतः लोकर कातली, रंगवली, या लिननवर भरली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात फिरा उठली आणि पहिल्या रांगेतल्या तरुण रब्बींना साळसूदपणे विचारती झाली, की लिननवर लोकरीचं भरतकाम ज्यू बाईने घालावं का?

रब्बी अवघडले. नाही चालत म्हणाले, पण ही लोकरच आहे कशावरून?

मला नक्की माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी स्टेला सुटली असती. पण आत्ताच सांगितलेलं गिळायचं कसं?

"लोकरच आहे," ती म्हणाली. "आईने मरेपर्यंत जपलं. एक टाका बदललेला नाही."

मग बदलून या, असं रब्बी खाल मानेने म्हणाले. स्टेला पडद्यामागे गेली आणि कुणाचा तरी रेनकोट घालून परत आली. पोलकं रब्बींच्या हातात आलं. फिराने त्यांना आतल्या बाजूचा एक सुटा धागा जाळून बघायला सांगितलं. लोकर जळाली की केस जळाल्यासारखी घाण येते. हा धागा कागदासारखा भुर्रकन जळून गेला. साधं सूत.

"आमचे आजोबा, वडिलांचे वडील, कर्मठ," फिरा सभेकडे वळून म्हणाली. "लोकर चालणार नाही, फेकून दे म्हणाले. आईने फेकलं नाही. अख्खा हिवाळा बसून सगळी लोकर उसवली आणि तीच नक्षी सुताने भरली. मी सात वर्षांची होते, सुया ओवून देत होते. एक टाका बदललेला नाही म्हणे! एक टाका जुना नाही, स्टेला."

सभेत कुजबुज सुरू झाली. स्टेला रेनकोटातच खुर्चीत बसली आणि रडू लागली. तिच्या आईला कुणीच लपवलं नव्हतं. ती युद्ध सुरू होताच दूर ताश्कंदला गेली, मोजे विणायच्या कारखान्यात राबली आणि परत आली. सांगण्याजोगं काहीच नव्हतं.

"चुकलं माझं, फिरामावशी. माफ करा."

फिराला कीव आली का? छे. उलट काळजाला गारवा वाटला.

"माझी माफी नको. पारास्काची माग."

"पण त्या तर गेल्या."

मेलेल्याची माफी कशी मागतात, ते फिराने रब्बींनाच सांगायला लावलं. दहा माणसं घेऊन थडग्यापाशी जायचं आणि त्यांच्यासमोर आपला गुन्हा आपल्या तोंडाने बोलायचा.

"दहा माणसं मी महिन्यापूर्वीच ठरवून ठेवलीत," फिरा म्हणाली. "रविवारी सातची बस. खेड्यातलेही ऐकायला येणार आहेत. तिच्या आईचं नाव घेऊन सगळं सांगायचं."

स्टेलाने नाक पुसलं. मग मान खाली घालून पुटपुटली, "काय होतं हो त्यांचं नाव?"

फिराने माईक उचलून तिच्या तोंडापुढे धरला.

"यावदोखा. म्हण."

"यावदोखा."

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही," फिरा म्हणाली. "पुन्हा."