पुसा म्हटलेले फोटो

"हा कुठून आणलात?" मावशींनी विचारलं.

दारातून आत शिरताच समोरच्या भिंतीवर तो फोटो होता, माणसाएवढा मोठा. मावशींच्या फोटोंच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अजून तासभर अवकाश होता. मावशींचे यजमान फोटोशेजारी हात मागे बांधून उभे होते. बक्षीस समारंभात आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघणारा मुलगा उभा राहतो, अगदी तसे.

"आधी सांग, आवडला का?"

"मी विचारलं, कुठून आणलात."

"तुझाच आहे की. तूच काढलेला."

"मी काढला आणि तिथल्या तिथे पुसला. माझ्या डोळ्यांदेखत."

यजमान हसले. या प्रश्नाचीच वाट बघत असल्यासारखे हसले. मावशींच्या कपाळावरची शीर तट्कन उभी राहिली. पण वजनमापे तपासण्याच्या खात्यात जन्म घालवलेल्या या गृहस्थांना काट्यावरचा तोळाभर फरक दिसे, बायकोच्या कपाळावरचा कधी दिसत नसे.

मावशींचं तसं दुकान होतं. ओळखपत्राचे फोटो, कचेऱ्यांचे निरोप समारंभ, शाळांचे वर्गफोटो. त्यावर घर चाललं. पण जीव होता तो वर्षातून एकदा, बंद पडलेल्या कारखान्यात भरणाऱ्या मेळाव्यात. कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत असे कपडे स्वतः शिवायचे आणि दोन दिवस मिरवायचे, असा तो मेळावा. सोड्याच्या झाकणांचा झगा. एक्स-रेच्या फिल्मा जोडून केलेला कोट. आत कोण म्हणाल, तर पाच दिवस काउंटरमागे बसून शिक्के मारणारी माणसं. या फोटोवाल्या बाईंना सगळे मावशी म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

बाकीचे फोटोवाले रंगमंचापुढे एकमेकांची कोपरं खात उभे असत. मावशी माणसाला मागच्या बाजूला नेत, माल उतरवायच्या धक्क्यावर. तिथे उतरतं ऊन भिंतीवर पडे आणि बघायला चिटपाखरू नसे. फोटो झाला की त्या कॅमेरा उलटा करून त्याच्यापुढे धरत. "ठेवू की पुसू?" पुसा म्हटलं, की पुसायचं बटन त्यालाच दाबायला लावत. कारण विचारत नसत. तरी लोक सांगतच. दात दिसतात. पोट सुटलेलं दिसतं. ह्यात मी घाबरलेली दिसते. एकदा असं बटन दाबून झालं की माणूस सैल होई, पुढच्या फोटोत पोटसुद्धा आत ओढून धरत नसे. बाकीच्यांचे कॅमेरे मावशींच्या कॅमेऱ्याहून भारी होते, पण लोक मावशींकडेच येत, ते या बटनामुळे.

भिंतीवरचा माणूस शाळेची बस चालवायचा. त्या वर्षी त्याने फाटक्या छत्र्यांच्या कापडाचा घोळदार झगा शिवला होता, काड्यांसकट, चालला की खुळखुळणारा. पायात वीतभर टाचांचे बूट. ऐटीत दहा फोटो काढून घेतले, मग पाय भरून आले म्हणून धक्क्याच्या पायरीवर बसला, बुटाचा पट्टा सोडायला खाली वाकला आणि तसाच वर बघून काहीतरी बोलणार, एवढ्यात मावशींनी टिपला. कॅमेऱ्यात बघितल्यावर त्याचं तोंड उतरलं.

"हा पुसा. ह्यात मी माझ्या बापासारखा दिसतो."

त्याने अंगठ्याने बटन दाबलं. मग विचारलं, "गेला ना?"

"गेला," मावशी म्हणाल्या होत्या.

"गेलेला नसतो," यजमान आता समजावून सांगत होते. "पुसलं म्हणजे कॅमेऱ्यातलं कार्ड फक्त विसरल्याचं सोंग करतं. आत सगळं असतं. तुझी जुनी कार्डं डब्यात पडलेली. कम्प्युटरवर ते परत आणायची सोय आहे. दोन महिने बसलो, डोळ्यांचं पाणी झालं. एकेक फोटो वर यायला लागला आणि मी येडाच झालो. म्हटलं, ही बाई आपले सगळ्यात चांगले फोटो कचऱ्यात टाकत आली आणि हिला पत्ता नाही."

हे सारं खरं असावं. या गृहस्थांनी आयुष्यात काही टाकलं नव्हतं. बंद पडलेले सेल, एकेकटे मोजे, झाकण हरवलेले डबे, सगळं घरात सुखाने नांदत होतं. आता त्यात लोकांच्या तोंडांची भर पडली होती.

मावशी दालनभर फिरल्या. बऱ्याच भिंतींवर त्यांनी राखलेले फोटो होते, पण मोक्याच्या जागा पुसलेल्यांनी धरल्या होत्या. झाकणांच्या झग्यातली बाई, हिरड्या दिसतील एवढी हसताना. एक्स-रेच्या कोटातला, तोंडाचा चंबू करून नाकपुडीतला केस उपटताना. प्रत्येकाचा 'पुसा' त्यांना आवाजासकट आठवत होता. आणि संताप कशाचा, तर फोटो चांगले होते. फारच चांगले होते. राखलेल्या फोटोंत माणसं आरशासमोर उभी राहतात तशी उभी होती, या पुसलेल्यांत ती जगत होती. क्षणभर मावशींना आपल्या हाताचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचा इतका राग आला की तोंड कडू झालं.

मेळाव्याची संयोजक एव्हाना जवळ आली होती. डोकं सफाचट, भुवया पोपटी. सगळे तिला हिरवीच म्हणत.

"मावशी, हेच तर खरे फोटो आहेत. दारातला बघून मी रडले. काय कोवळी नजर आहे त्याची. आज लोक रडतात की नाही बघा."

"लोक रडतील म्हणून मी एखाद्याचा बाप भिंतीवर टांगू?"

"बाप कुठे? तो ड्रायव्हर..."

"मला सांगू नकोस तो कोण आहे ते." मावशी यजमानांकडे वळल्या. "मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

गैरहजर माणसांची परवानगी स्वतःच देऊन टाकायची सवय घरातल्या प्रेमळ माणसांना असते आणि ती सुटता सुटत नाही. "तुझ्यासाठी केलं गं सगळं," ते म्हणाले. तेवढ्यात दार ढकलून बसवाला आत आला.

अंगात गणवेशाचा खाकी शर्ट, हातात बसची किल्ली. पोरं सोडून थेट आला असणार. फोटोसमोर उभा राहिला. मोठ्या फोटोपुढे खरा माणूस लहानच दिसतो, हा तर अगदी आक्रसून उभा होता.

"या, या," यजमान पुढे झाले. "आजचे हिरो तुम्हीच. आता तुम्हीच सांगा हिला. आवडला की नाही?"

हिरवी बघत होती. फुलं लावणाऱ्या दोन मुली काम थांबवून बघत होत्या. बसवाल्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"चांगला आहे," तो म्हणाला.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मावशी म्हणाल्या. "एवढी माणसं तोंडाकडे बघत असताना मीही हेच म्हटलं असतं." त्यांनी बसवाल्याला दंडाला धरलं आणि मागच्या बोळात नेलं, जिथे खुर्च्यांची चळत लावून ठेवली होती.

"आता बोल."

तो किल्लीशी चाळा करत राहिला. "सकाळी हा फोटो फोनवर आला. आमंत्रणाच्या पत्रिकेवर. आमच्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला. खाली लिहिलंय, काय राजबिंडा दिसतोस."

"मी तुला गेला म्हणाले होते."

"हो."

"गेला नव्हता. मला माहीत नव्हतं. पण म्हणाले मी."

"तुमचा काय दोष." तो जरा हसला. "तो कुठला जातोय. आईने बापाला हाकलून दिलं होतं, तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी दारात उभाच." मग हसू मावळलं. "ती पोपटी बाई आमंत्रणात लिहिते, नजर कोवळी आहे. मारायच्या आधी तो असाच बघायचा, मावशी. पायातला बूट काढायला वाकायचा ना, तेव्हा. बूट हातात यायच्या आत एकदा वर बघायचा. तेवढ्यात ठरवायचं, पळायचं की नाही. आता मलाही पोरं आहेत. बूट मी दाराबाहेर काढून आत येतो. रोज. त्यांना वाटतं बाबांना स्वच्छतेचं वेड."

मावशी बोळातून बाहेर आल्या, पदर खोचला आणि भिंतीजवळची घडीची शिडी ओढली.

"अगं, काय करतेस? लोक यायला लागतील."

"येऊ देत."

"भिंती मोकळ्या दिसतील."

"दिसू देत. खालून धरा. नाहीतर बाजूला व्हा."

यजमान बाजूला झाले. खालून शिडी बसवाल्याने धरली. चौकट खाली आली, पालथी भिंतीला टेकली. मग झाकणांच्या झग्यातली, मग एक्स-रेच्या कोटातला. कुठला पुसलेला आणि कुठला राखलेला, हे त्या कुणाला विचारत नव्हत्या.

"मावशी, प्रदर्शन तुमच्या नावाचं आहे," हिरवी काकुळतीला आली.

"म्हणूनच. तुझ्या नावाचं असतं तर मी बाहेर बसून शिव्या दिल्या असत्या." शेवटची चौकट टेकवून त्या खाली उतरल्या आणि यजमानांसमोर उभ्या राहिल्या. "कम्प्युटरवरचे?"

"काढतो."

"अजून कुठे?"

"एक प्रत या हिरवीकडे. छापणाऱ्याकडे एक. आणि फोनवर..." त्यांनी हात हवेत फिरवला. "ते आता माझ्या हातात नाही. कुणाच्याच नाही."

"तुला काही फेकता येत नाही आणि परत घेता येत नाही," मावशी म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी नवऱ्याला 'तू' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. फुलवाल्या मुली फुलांत तोंड खुपसून उभ्या राहिल्या.

"तू जन्मभर लोकांचे चेहरे जपलेस," यजमान हळू म्हणाले. "मला वाटलं, कुणीतरी तुझं काही जपावं."

भांडणात असं वाक्य आलं की भल्याभल्यांचा पारा उतरतो. मावशींचा उतरला नाही, फक्त आवाज खाली आला. "ते माझं नव्हतं हो. तेवढंच तुम्हाला कळलं नाही."

बसवाला आपला फोटो घेऊन जातो म्हणाला. करणार काय त्याचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. दोघांनी दोन टोकं धरून चौकट मागच्या दाराने बाहेर काढली, बसमध्ये चढवली आणि लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर उपडी घातली. मेळाव्याला येशील का, हा प्रश्न मावशींच्या ओठांवर आला होता. त्यांनी विचारला नाही. तोच म्हणाला, "छत्र्यांचा झगा देऊन टाकला मी. जागा फार अडवतो." आणि बस सुरू केली.

मावशी परतल्या तेव्हा पुढच्या दाराशी गर्दी जमू लागली होती. आत यजमान एका पाहुण्याला मोकळ्या खिळ्यांबद्दल काहीतरी समजावत होते. मावशींनी एक स्टूल उचललं आणि उंबऱ्यातच मांडून बसल्या. कुणाला आत सोडेनात.

सगळ्यात पुढे एक उंचच उंच माणूस होता. एरवी विम्याच्या कचेरीत टपाल लावायचा. डोक्यावर कागदाच्या लगद्याची, वर वळलेली दोन मोठी शिंगं. त्याचाही एक 'पुसा' म्हटलेला फोटो आत पालथा टेकलेला होता, शिंगं उतरवून टक्कल पुसतानाचा.

"अभिनंदन, मावशी. आत काय काय आहे?"

"थांब," मावशी म्हणाल्या. "आत जायच्या आधी तुला एक सांगायचंय. खाली वाक."

त्याला वाटलं, शिंग वाकडं झालंय. मेळाव्यात मावशी नेहमीच असं काहीबाही सरळ करत असत. त्याने मोठ्या विश्वासाने गुडघे वाकवले आणि शिंगं कुणाला लागू नयेत म्हणून जपून, हळूहळू आपलं डोकं त्यांच्यापुढे धरलं.