सोमाजी मिस्त्रीचा शेरा

"पाय देऊ नका मिस्त्री, नवा माल आहे," असं कल्पेश म्हणेपर्यंत सोमाजीने पाय दिलाही होता. हेल्मेटची हनुवटीसमोरची कमान आत दबली, आणि पाय काढल्यावर सावकाश, नाइलाजाने वर आली.

या दोघांचं कधी पटलं नाही. कल्पेश म्हणजे खेमचंदशेठचा धाकटा. पेठेतल्या जुन्या दुकानाला त्याने काच लावली, गिअरच्या सायकली टांगल्या, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, की स्टँडामागच्या सोमाजीला दूधवाल्यांच्या सायकली कळतात, बाकी काही नाही. हे सोमाजीच्या कानावर गेलं होतं. जुन्नरात कुणाच्या कानावर काय जात नाही? तरी आज कल्पेशच त्याच्या टपरीच्या पायरीवर येऊन बसला होता, कारण गरज पडली की गाढवालाही काका म्हणावं लागतं.

दोन हजार सात सालची गोष्ट. पुण्याच्या एका मंडळाने हातवीजच्या पठारावरून इंगळूणपर्यंत, डोंगरवाटेने खाली, सायकलींची शर्यत ठेवली होती. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट सक्तीचं. कल्पेशने लांबच्या कुठल्याशा कारखान्यातून तशी हेल्मेटं मागवली आणि शर्यतीपुरती सगळ्यांना फुकट द्यायचं कबूल केलं. मात्र मंडळाची अट होती, की उतार माहीत असलेल्या स्थानिक मिस्त्रीने माल तपासून सही करावी. आणि डोंगरातली पोरंही हट्टाला पेटलेली, सोमाजी मिस्त्रीने बघितलं तरच डोक्यात घालू. सोमाजी स्वतः तिकडचाच. तरुणपणी कॅन लावलेल्या सायकलीवरून दूध घेऊन रोज तो घाट उतरलेला. त्याने ब्रेक आवळला, की गिऱ्हाईक न बघता टांग मारायचं. गावाने त्याला दिलेली एवढीच इस्टेट.

तर त्याने तपासलं, अगदी मनापासून. घालून बघितलं, मान हलवून बघितली. वजन जेमतेम सातशे ग्रॅम, डोक्यावर काही आहे असं वाटेना. मग टपरीमागच्या वेलावरचं एक डोक्याएवढं डांगर, लाल भोपळा, तोडलं, हेल्मेटात ठासून बसवलं, पट्टा आवळला, पत्र्यावर चढला आणि तोंडाच्या बाजूने खाली फरशीवर सोडलं. कमान आत मुडपली आणि डांगर पुढून उकललं. कल्पेशचा चेहरा पडला. घटकाभर दोघांच्या मध्ये ते डांगर पडून होतं.

"कसं वाटलं मग?" कल्पेशने कागद पुढे धरून विचारलं.

"हलकं हाय," सोमाजी म्हणाला.

बस्स. सोमाजीचं बोलणं म्हणजे तोलूनमापून, त्यातून माणूस नावडता असला तर आणखीच आखूड. डोंगरात लाकूड हलकं म्हटलं, लुगडं हलकं म्हटलं, माणूस हलका म्हटला, की पुढे विचारायचं राहत नाही. ते घरात घ्यायचं नाही. कल्पेशने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'हलकं आहे.' सोमाजीने वाचलं. आपण बोललो तेच वाण्याने लिहिलं, याचं त्याला मनातून बरं वाटलं. त्याने खाली सही ठोकली. उकललेलं डांगर घरी नेलं, बायकोने त्याची भाजी केली, मुलगी प्रतिभा दोन वेळा मागून जेवली. ते कशाने फुटलं हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. सोमाजीच्या लेखी विषय संपला होता.

शर्यतीच्या सकाळी तो पठारावर पोचला तो प्रतिभाला बघायला. एकोणीस वर्षांची पोर, तीन महिने पहाटे उठून उतार घोटत होती. मुलींत पहिली आली तर मंडळ तिला पुण्याला सायकलीच्या शिकवणीला नेणार होतं. ती घालील ते हेल्मेट शर्यतीला आलेल्या पुण्याच्या मुलींकडून मागून आणलेलं असेल, असं त्याने आपलं धरून ठेवलेलं.

मांडवाला मोठा फलक लावला होता. 'हलकं! सोमाजी मिस्त्रींनी स्वतः तपासलेलं.' खाली त्याची सही, हातभर मोठी करून छापलेली. आणि फलकाखाली नऊ पोरं रांगेत, नऊ जणांच्या डोक्यात तीच हेल्मेटं. सहावी प्रतिभा. तिने बापाकडे बघून अंगठा दाखवला.

सोमाजी सरळ कल्पेशकडे गेला.

"हलकं म्हंजी काय, तुला ठावं न्हाई?"

आजवर तो त्याला शेठ म्हणत होता. कल्पेशने खांदे उडवले. "तुम्ही हलकं म्हणालात, मी हलकं लिहिलं. हेल्मेट हलकं असणं हा गुण आहे, मिस्त्री. सही तुमची आहे."

"जुन्नरात जलमलास तू. डांगर तुज्या म्होरं फुटलं."

"डांगराला कुठे मान असते?" कल्पेश म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला. चोर तो चोर, वर शिरजोर.

सोमाजी संयोजक बाईंकडे गेला. आयुष्यात बोलला नसेल इतकं त्या पाच मिनिटांत बोलला. हलकं म्हणजे वजनाला नव्हे, प्रतीला हलकं, आत डांगर फुटलं, असं पुन्हा पुन्हा सांगू लागला. बाई पुण्याच्या, सभ्य, पण त्यांच्या हातात कागद होता. मागे कुणीतरी हसलं. कल्पेशच्या दुकानाची भरभराट म्हाताऱ्याला सोसवेना, असं एक जण ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला.

बाईंनी शांतपणे विचारलं, "मिस्त्री, एकच सांगा. तुम्ही हे तपासलं होतं ना?"

तपासलं म्हणावं तर कागद खरा होतो, आणि पाच मिनिटांत शिट्टी होऊन पोरं उतरतात. खाली वळणावरचा कातळ त्याच्या डोळ्यांसमोर आला. कातळाला शब्दांचे दोन अर्थ कळत नाहीत.

"न्हाई," सोमाजी म्हणाला. "म्या बघितलंच न्हाई. न बघता सही केली."

मांडवातली माणसं वळून बघू लागली. कल्पेशसुद्धा चमकून बघत राहिला, कारण खरं काय ते त्या जागी दोघांनाच माहीत होतं. बाईंनी कागद फाडला. न तपासलेलं हेल्मेट चालणार नाही, ही हेल्मेटं घातलेल्यांना उतरता येणार नाही, असं भोंग्यावरून जाहीर झालं. पोरं सोमाजीला तोंडावर वाटेल ते बोलली. त्यातल्या दोघांच्या सायकली त्याने परवाच रात्र जागून दुरुस्त केल्या होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

प्रतिभा हेल्मेट हातात घेऊन समोर आली. डोळे कोरडे होते, आणि त्याचीच सोमाजीला जास्त भीती वाटली.

"आण्णा, तुमी बघितलं व्हतं. न बघता तुमी सायकलचा वॉलसुदिक बसवत न्हाई." तिने दम घेतला. "हे बेकार हाय, एवढं मला घरात सांगायला काय झालं व्हतं?"

सोमाजीने हेल्मेट तिच्या हातातून घेतलं. कल्पेशला शिव्या देता आल्या असत्या, पण हे पाप कल्पेशचं नव्हतं. आखडत्या जिभेने आयुष्य काढलं, त्याचा त्याला अभिमान होता, आणि त्या अभिमानाने पोरीची वाट अडवली. ती सायकल हातात धरून पायवाटेने उतरू लागली. तो तिच्या मागे, दहा पावलं अंतर ठेवून, इंगळूणपर्यंत चालला.

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीच्या वेळी टपरी उघडली. उन्हं वर आली तरी कुणी फिरकलं नाही. अकराच्या सुमाराला कुशाबा आला. दुधाचा रतीब घालणारा, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. मागचा ब्रेक लागत नव्हता. सोमाजीने नवी रबरं बसवली, तार ओढली, चाक फिरवून बघितलं आणि सायकल त्याच्यापुढे उभी केली.

कुशाबा टांग मारता मारता थांबला. खाली वाकला. एकदा सोमाजीकडे बघितलं, ओशाळल्यासारखं, आणि मग बोटाने ब्रेकचा नट हलवून बघितला.

सोमाजीने पान्हा पुसून त्याच्या हातात दिला, आणि त्याला नीट बघता यावं म्हणून मागचं चाक उचलून धरलं.