आरतीला काढलेली पिन

दमयंतीच्या गिटारचा सूर लवकर विझायचा. ती हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवायची, आणि गाण्यातली लांब जागा आली की सूर अर्ध्या वाटेत संपायचा. माझ्याकडे नवी बी.एस्सी. आणि भरपूर रिकामा वेळ होता. मी एका ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट जोडून ते अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या पानाच्या डब्यात बसवलं. वर पायाने दाबायचं बटण आणि लाल दिवा. बटण दाबलं की गिटारचा सिग्नल दहापट होऊन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरायचा, आतला व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणारी काचेची नळी, तुडुंब भरायचा आणि सूर जरा खरखरीत होऊन टिकून राहायचा.

"विड्याच्या डब्यावर पाय," तिचे वडील आप्पा म्हणाले. "आजोबांनी बघितलं असतं तर घराबाहेर काढलं असतं."

"डबा चिंतूच्या घरचा आहे, आप्पा."

"मग याच्या आजोबांनी याला काढलं असतं."

मग ते हसायचे थांबले. अ‍ॅम्प्लिफायर दमयंतीच्या मामांनी बनवलेला होता. मामा पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. स्पीकरकडे आवाज पोचवणारा आतला ट्रान्सफॉर्मर त्यांनी सुट्टीच्या दिवशी बसून, एकेक वेढा मोजत, हाताने गुंडाळला होता. मामा जाऊन दोन वर्षं झाली होती. "ही माझ्या मेव्हण्याची वस्तू," आप्पा म्हणाले. "तुझ्या डब्याने तिला काही झालं तर मी हिच्या आईला काय सांगू?"

मला 'काही होणार नाही' म्हणायचं होतं, पण मोजल्याशिवाय म्हणता येईना. आठ दिवस मी भर दुपारी दारं-खिडक्या लावून मागच्या जाळीतून व्हॉल्व्हकडे बघत बसलो. आतला पत्रा लाल झाला असता तर तो जास्त तापतोय हे कळलं असतं. झाला नाही. तरी जेवताना मध्येच उठून मी पुन्हा आकडे तपासायचो. स्पीकरला झेपेल तिथे आवाजाच्या बटणाजवळ पांढरी खूण केली. डब्याला घरची वीज न देता बॅटरी लावली. शेवटी दमयंतीला नऊ सूचनांचा कागद दिला: डबा नेहमी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये, स्पीकरच्या वायरमध्ये कधीच नाही, डबा पहिल्यांदा दाबताना आवाज कमी, वगैरे.

"एवढे नियम आप्पांच्या शाळेतही नाहीत," ती म्हणाली.

चौऱ्याऐंशी सालच्या महाशिवरात्रीला वेळणेश्वरला तिचा कार्यक्रम होता. जयगडची खाडी ओलांडताना अ‍ॅम्प्लिफायर माझ्या मांडीवर होता आणि होडी हलली की मी त्याला लहान मुलासारखा धरायचो. देवळाजवळच्या मांडवात भागोजीचे कर्णे लागले होते. भागोजीने दहा वर्षं पंचक्रोशीतल्या प्रत्येक जत्रेत लाउडस्पीकर लावलेला. दमयंतीचा स्पीकर वेगळ्या खोक्यात होता, वायरने जोडलेला. भागोजीने तो बघून विचारलं, "ही पिन कसली ओ, चिंतूभाऊ?"

"स्पीकरची."

"बरी हाय. सोयीची." तो पुढे गेला. मी डब्याची बॅटरी तपासण्यात गुंग होतो.

उन्हं कलता कार्यक्रम सुरू झाला. तिसऱ्या गाण्यात दमयंतीने डबा दाबला आणि सूर मांडवाच्या टोकापर्यंत जाऊन थांबून राहिला. मी गर्दीत उभा होतो. चैन पडेना, म्हणून पुन्हा पुन्हा लाल दिव्याकडे बघत होतो. तेवढ्यात देवळात आरतीची घंटा झाली.

आरतीला मांडवातला आवाज बंद ठेवायचा, ही तिथली रीत. भागोजी मशीन कधी बंद करत नसे; कर्ण्याची वायर काढायचा आणि आरती झाली की परत जोडायचा. त्याच्या ट्रान्झिस्टरच्या मशीनला त्याने काही होत नसे. आताही त्याने आपली वायर काढली आणि जाता जाता दमयंतीच्या स्पीकरची पिनही उपटली. दमयंतीने गिटार मंचाच्या फळ्यांवर ठेवली, कांडी तारांवरच टाकली आणि उभी राहून टाळ्या वाजवू लागली. लाल दिवा चालूच होता.

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद स्पीकरमध्ये जायला हवी. ती वाट बंद असली की ती ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट होऊन उसळते आणि तारेवरचं वीज अडवणारं वार्निश फोडते. नगारा वाजत होता. फळ्या हादरत होत्या, कांडी तारांवर थरथरत होती, आणि माझा डबा ती थरथर दहापट करत होता.

मी गर्दीतून घुसलो. देवाकडे पाठ झाली.

"अरे, आरती चाललीय," आप्पांनी माझा सदरा धरला. मी तो सोडवला, गुडघ्यावर बसून तारांवर तळवा दाबला आणि दुसऱ्या हाताने आवाज शून्यावर आणला. त्याआधी क्षणभर ट्रान्सफॉर्मर स्वतःच किणकिणताना ऐकू आला. मग मी पिन जोडली.

आरती संपल्यावर भागोजी म्हणाला, "आमी तर रोज काढतंव."

"तुमचं बरोबर आहे. मी सांगायला हवं होतं," मी म्हणालो. नऊ सूचना लिहिल्या, पण त्या फक्त माझ्या डब्याच्या होत्या. आणि कागद दिला तो एकट्या दमयंतीलाच.

त्या संध्याकाळी दमयंतीने पुढचं सगळं डब्याशिवाय वाजवलं.

घरी येऊन अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदाच उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला मामांचं पेन्सिलीतलं अक्षर होतं: 'वेढे २१० आणि २१२ ओहम. स्पीकर लावल्याशिवाय चालवू नये.' मी वेढ्यांच्या दोन्ही भागांना मीटर लावला. दोनशे दहा. दोनशे बारा.

"म्हणजे काही झालं नाही ना?" आप्पांनी विचारलं.

"मीटर सांगतो तेवढं बरोबर आहे."

"आणि सांगत नाही ते?"

"एक-दोन वेढे आत एकमेकांना चिकटले असतील तर या मीटरला कळत नाही, आप्पा."

ते दारातच उभे राहिले. दमयंतीने लाल रंगाची डबी आणली, मामांचं दुसरं वाक्य झाकणाच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं, पिन दोनदा दाबून बघितली आणि गिटार मांडीवर घेतली.

"आवाज खुणेच्या खाली," मी म्हणालो.

"माहितेय."

तिने डबा दाबला आणि एकच तार छेडली. मी ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर बोटं ठेवून मोजू लागलो. अकरापर्यंत सूर होता. बारालाही होता. आप्पा म्हणाले, "आता हात काढ." मी आणखी थोडा वेळ तो तसाच ठेवला.