उतारावरची पाचर

मी एक जुनी पाचर आहे. बाभळीच्या लाकडाची, वीतभर लांब. एका टोकाला चार बोटं जाड आणि दुसऱ्या टोकाला अगदी पातळ. मित्रांनो, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली सारतात किंवा कुऱ्हाडीचा दांडा घट्ट बसावा म्हणून ठोकतात, त्या पाचरी तुम्ही पाहिल्या असतील. त्या माझ्याच जातीच्या. पण माझं काम वेगळं. मी उभं झाड पाडताना त्याच्या कापात बसते.

झाड ज्या अंगाला पाडायचं, त्या अंगाला बुंध्यावर आधी खाच घेतात. मग पाठीमागून काप घालत येतात. काप अर्ध्यावर आला की मला त्यात ठोकतात. मग झाड मागे बसत नाही, आणि कटर अडकत नाही. लाकूड कापायच्या मशीनला आमच्याकडे कटर म्हणतात. तेवढ्या वेळापुरता साठ फुटी झाडाचा भार माझ्या अंगावर असतो आणि झाडाने मनात काय धरलंय ते सगळ्यात आधी मला कळतं. लाकडाला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. पण मी आयुष्यभर भीत आले आहे.

मला घडवलं बाळासोने. त्याचं गाव आटपाडीच्या बाजूला, माळावर. घरात बापजाद्यांपासून मेंढरं. पुढे चरायची रानं आटली, मेंढरं कमी झाली, आणि बाळासोने झाडं पाडायचं काम धरलं. वठलेल्या बाभळीचा एक तुकडा त्याने दारात बसून सुतारी वाकसाने तासला. त्याची बायको धोंडुबाई हिने मला आठ दिवस करंजाच्या तेलात मुरत ठेवलं. पहिली काही वर्षं आम्ही पलूसकडच्या मळ्यांत काम केलं. सपाट काळी जमीन, बांधावरची झाडं. झाड पडलं की माणसं चार पावलं बाजूला सरत आणि तंबाखू मळत. बाळासो मला विजारीला पुसून म्हणायचा, "लय गुणाची हाय ही." ऐकून माझं अंग फुगायचं. भीती होती, पण ती पोटात मावत होती.

मग आम्ही घाटाकडे गेलो.

पाटणच्या वरच्या अंगाला एका मालकाचं रान होतं. निलगिरी आणि सिल्व्हर ओक, सगळी उतारावर. मालकाने रीतसर परवानगी काढली होती. तोडीचं काम बाळासो आणि त्याचा साडू गुंडा यांच्याकडे आलं. गुंडा कटर चालवायचा, बाळासो खाच ठरवायचा आणि मला ठोकायचा. गुंडाची बायको मनुबाई, म्हणजे धोंडुबाईची धाकटी बहीण, पडलेल्या झाडाच्या फांद्या कोयत्याने साळायची.

मित्रांनो, तो उतार असा की उभं राहायचं तर एक पाय गुडघ्यात मोडूनच ठेवावा लागे. वाळलेल्या निलगिरीच्या पानांवरून पाऊल सरकन घसरायचं. तोडलेला ओंडका हातातून सुटला की तो थांबायचं नाव घेत नसे. खाली ओढ्यात आदळल्याचा आवाज बऱ्याच वेळाने यायचा.

बाळासो भीत होता. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण त्याच्या तळव्याचा घाम मला लागायचा. प्रत्येक झाडाला हात लावण्याआधी तो मागे पळायची वाट साफ करायचा. दगड उचलायचा, झुडपं तोडायचा आणि एकदा ती वाट चालून बघायचा. गुंडा हसायचा.

"आवं पावणं, झाड पाडाय आलाय का पळाय?"

"दोनीबी करायचं असतंय रं," बाळासो म्हणायचा.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. ट्रक खाली सडकेवर उभा होता आणि लाकूड घेणाऱ्या ठेकेदाराचा मुकादम यशराज वर येऊन घाई करत होता. एक मोठी निलगिरी उरली होती. ती खालच्या अंगाला झुकलेली, आणि सरळ खाली पाडली असती तर पायथ्याच्या वाडीच्या पाण्याच्या टाकीवर गेली असती. ती उताराला आडवीच पाडायला हवी होती.

बाळासोने बुंध्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"आज नगं," तो म्हणाला. "उद्या सकाळी दोर आणून बांधू, मग पाडू. ताणात हाय हे."

"ट्रक काय उद्यापर्यंत उभा ऱ्हाणार हाय व्हय?" यशराज म्हणाला. "भ्या वाटत आसंल तर तसं सांगा की."

गुंडाला ते लागलं. त्याने कटर सुरू केला. बाळासोने त्याच्या पाठीमागची वाट साफ करायला कोयता उचलला, तोवर काप निम्म्यावर गेला होता. नाइलाजाने तो परत आला, मला कापात धरलं आणि घणाचे दोन ठोके दिले.

तिसऱ्या ठोक्याला मला ते कळलं. झाड कलत नव्हतं, फाटत होतं. माझ्या डोक्यावर, बुंध्याच्या गाभ्यात, उभी चीर वर वर चढत होती. चर्र... चर्र... मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. पण बाळासोचा हात अजून माझ्यावर होता. त्यालाही ती थरथर लागली.

"गुंडा! सोड कटर! मागं ये!"

कटर कापात अडकला होता. गुंडा तो ओढत राहिला. तेवढ्यात बुंधा माणसाच्या उंचीपर्यंत उभा फाटला आणि झाड आडवं झालं. मी उडून पाचोळ्यात पडले. सगळा डोंगर हादरला. मग मनुबाईची किंकाळी ऐकू आली.

झाड टाकीवर गेलं नव्हतं. पण त्याचं बूड उसळून मागे आलं होतं आणि गुंडाचा उजवा पाय गुडघ्याखाली त्याच्याखाली सापडला होता. खोड एका जुन्या खुंटाला टेकून कसंबसं थांबलं होतं. आणि तो खुंट कुजका होता. प्रत्येक श्वासाला खोड बोटभर खाली सरकत होतं. ते सुटलं असतं तर गुंडाला घेऊनच ओढ्यात गेलं असतं.

"वाडीत पळ!" बाळासो यशराजवर ओरडला. "पहारी आण, माणसं आण!" तो पळाला.

बाळासो गुडघ्यांवर पाचोळा चाचपू लागला. त्याची बोटं माझ्यावर आली. ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात, तसं त्याने मला खोडाच्या खालच्या अंगाला, खोड आणि खडकाच्या मधल्या फटीत धरलं. घण उचलला. पण ठोका दिला की खोड हलणार, आणि खोड हललं की गुंडाचा पाय आणखी चिरडणार. नाही दिला तर खुंट मोडणार. त्याने घण तसाच वर धरून ठेवला.

"दाजी, काय करताय?" मनुबाईने गुंडाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "मारा न्हवं!"

"गुंडा, आरडायचं तेवढं आरड गड्या," बाळासो म्हणाला. "मी तीन ठोकं देनार. मोज."

पहिल्या ठोक्याला गुंडाने "एक" म्हटलं. दुसऱ्याला तो नुसता ओरडला. तिसरा मनुबाईने मोजला. मी खडकात रुतले. खोडाचा सगळा भार माझ्यावर आला आणि माझ्या अंगात, डोक्यापासून मध्यापर्यंत, एक चीर पडली. आता मी फुटणार, असं मला प्रत्येक घटकेला वाटत होतं. बाळासोने पाठ खोडाला लावली, पाय खडकाला रेटले आणि तो तसाच बसून राहिला.

"पावणं," गुंडा थोड्या वेळाने म्हणाला, "वाट साफ करू द्याय पायजे हुती तुमाला."

"गप ऱ्हा."

"भ्या वाटतंय वो."

"मलाबी वाटतंय," बाळासो म्हणाला. "रोजच वाटतंय. आज कुटलं नवीन हाय?"

इतक्या वर्षांत ते त्याने पहिल्यांदा तोंडाने सांगितलं.

पाऊण तासाने वाडीतली दहा-बारा माणसं पहारी आणि दोरखंड घेऊन आली. खोड बांधलं, उचललं आणि गुंडाला घोंगड्यात घालून सडकेवर उतरवलं. कऱ्हाडच्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आता तो खोट्या पायावर चालतो, आणि दारात बसून लोकांच्या कुऱ्हाडींना दांडे बसवून देतो.

बाळासो तीन महिने घरी होता. झोपेत दचकायचा. मी एका पिशवीत पडून होते. मग काम आलं, तसा तो पुन्हा घाटाकडे निघाला. तेव्हा धोंडुबाईने पिशवी झाडली आणि मला उचलून उजेडात धरलं.

"आवं, ही चिरलीया. टाकू का चुलीत?"

"असू दे. हिनं गुंडाला राखलाय."

तिने मला परत ठेवलं. मित्रांनो, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकीच भरली. चिरलेली पाचर भाराखाली कधी फुटेल याचा नेम नसतो. ती फुटली की झाड मागे बसतं, आणि मागे माणूस असतो. गेल्याच महिन्यात, अशाच एका उतारावर, माझ्याऐवजी केलेली नवी पाचर घरंगळून खाली गेली. काप अर्ध्यावर आला होता. बाळासोचा हात पिशवीत आला आणि त्याने मला बाहेर काढलं. कापात धरलं. घण वर गेला.

मग त्याचं नख माझ्या चिरेवर अडकलं. त्याने घण खाली ठेवला.

"थांबवा. दुसरी तासतो."

"अर्धं कापलेलं झाड सोडून?" नवा कटरवाला ओरडला. "वारा उठला म्हंजी?"

"म्हनूनच सगळी लांब सरा. मला घटकाभर लागंल."

सगळे लांब सरले. वारा उठला नाही. त्याने जवळच्या फांदीची पाचर तासली आणि झाड नीट पडलं. घरी आल्यावर त्याने मला स्वतःच चुलीजवळ नेऊन ठेवलं. पण दोनदा हातात घेऊन दोनदा परत ठेवलं आहे. त्याचा जीव होत नाही.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगत आल्या आहेत. मी तसं सांगणार नाही. तुमच्या घरातला कुणी डोंगरावर, खांबावर, विहिरीत काम करत असेल, तर त्याची पिशवी एकदा उघडून बघा. विरलेला दोर, चिरलेली पाचर, सैल दांडा असेल तर बाजूला काढा. त्या वस्तूने आधी कितीही साथ दिलेली असली तरी काढा. आणि त्याने सांगितलं की आज मला भीती वाटते, तर हसू नका. त्याला कशाची भीती वाटते ते विचारा.

आणि कुणी आटपाडीकडे गेलात, तर धोंडुबाईला माझा निरोप द्या. बाळासो घरात नसताना मला चुलीत सरकवायचं. बाभळीचं जुनं, तेल प्यालेलं लाकूड आहे. जाळ चांगला धरीन.