मिक्सरचा पॉइंट कुठल्या बाजूला?

स्वयंपाकघराच्या जुन्या फरशा निघाल्या, ओटा तेवढा उरला आणि घरात प्लगच्या पॉइंटांवरून जुंपली. मुलाने वहीत नकाशा काढला होता. सात पॉइंट, सगळे शेगडीच्या उजवीकडे. सुनेला नऊ हवे होते. सासूबाईंना विचारलं, की त्या म्हणायच्या, "तुम्ही ठरवाल तसं. माझं कशावरही भागतं."

इलेक्ट्रिशियन बाई आल्या त्या कानामागे पेन्सिल खोचूनच. वही उलटसुलट पाहून त्यांनी मुलाला विचारलं, "तुम्ही स्वयंपाक करता?"

"अधूनमधून."

"अंडं उकडतो," सुनेने खुलासा केला.

"मग रोज कोण करतं?"

दोघांनी सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"काकू, या इकडे. रिकाम्या ओट्यावर अख्खा स्वयंपाक करून दाखवा. खोटा खोटा! तुमचा हात जिथे जाईल तिथे मी भिंतीवर खूण करते."

सासूबाई आधी लाजल्या. मग बाह्या सावरून त्यांनी हवेतच कांदा चिरला, मिक्सरचं झाकण दाबून धरलं, नसलेल्या भाजीची चव घेतली आणि मीठ कमी पडलं म्हणून नाकही मुरडलं. सून हसून हसून बेजार.

इलेक्ट्रिशियन बाई मात्र मध्येच थांबल्या. "काकू, सुरी डाव्या हातात?"

"हो. लिहायला मारून मुटकून उजवा लावला शाळेत. पण ओट्याशी कोण बघायला येतंय?"

"आणि प्लग उजवीकडे?"

"मिक्सर डावीकडे ओढून घेते. वायर पोटासमोर ताणलेली असते. सवय झाली आता, तीस वर्षं झाली."

मुलगा बघतच राहिला. "आई, तू डावरी आहेस?"

"तू काय आज आलास का या घरात?"

सुनेचं हसू मावळलं. मागच्याच महिन्यात ताणलेल्या वायरीने मिक्सर खाली आला, तेव्हा 'जरा जपून हो, आई' असं ती फटकन बोलली होती.

"आई, तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"अगं, मला तरी कुठे कळलं होतं? मला वाटायचं, मीच वेंधळी."

सुनेने मुलाच्या हातातून वही घेतली आणि नकाशाचं पान टरकन फाडलं. नव्या पानावर मिक्सर डावीकडे गेला. सुनेसाठी उजवीकडे वेगळे दोन पॉइंट आले. नळाजवळ आणि शेगडीच्या वर एकही मिळणार नाही, असं बाईंनी ठणकावलं. होता होता आकडा अकरावर गेला.

महिन्याभराने नवं स्वयंपाकघर सुरू झालं. डावीकडे सासूबाई मसाला वाटत होत्या, उजवीकडे सून पीठ मळत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघी एका ओट्याशी उभ्या होत्या आणि कोपराला कोपर लागत नव्हतं.

"आई, थोडं पाणी द्या ना."

सासूबाईंनी डाव्या हाताने भांडं पुढे केलं आणि सुनेने ते हसत घेतलं.