धारेचा शर्ट

मोनाचे आई-बाप आंबा घाटात अपघातात गेले, तेव्हा तिला ठेवून घ्यायला भावकीतलं कुणी पुढं आलं नाही. मग कोल्हापुरातल्या एका संस्थेनं कळवलं, की अनाथ पोर सांभाळणाऱ्या घराला आम्ही दुभती म्हैस देतो. दोन वर्षं पोर नीट सांभाळली, की म्हैस कायमची तुमची. त्याबरोबर कृष्णातकाकाला भावाची आठवण येऊन हुंदका फुटला. माणसाची माया बरोबर वेळ बघून उतू जाते.

तानाबाई काकी असल्या हुंदक्याच्या भानगडीत पडली नाही. पहिल्याच दिवशी गोठ्यात तिनं पोरीला बजावलं, "ध्येनात ठेव. म्हशीपायी तू हाईस, तुझ्यापायी म्हस न्हवं."

मोनानं ते पक्कं ध्यानात ठेवलं. दहा वर्षांची पोर, पण अक्कल काकाहून जास्त. संस्थेच्या त्या म्हशीला, चांदीला, तिनं असा लळा लावला की ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देईना. शाहूवाडीकडची थंडी बोचरी, म्हणून धारेला बसताना मोना बापाचा जुना चौकड्याचा शर्ट फ्रॉकवर चढवायची. तो गुडघ्यापर्यंत यायचा. ती बसली की चांदी पान्हा सोडायची. एकदा काकी बसली, तर लाथेसरशी चरवी उकिरड्यावर. त्याची शिक्षा म्हणून मोनाला जेवण मिळालं नाही, पण ती खुशीत झोपली. म्हशीला आपण लागतो, म्हणजे या घरालाही लागतो, असं तिला वाटलं.

दोन वर्षं सरली. संस्थेच्या बाई आल्या, चांदीच्या कपाळाला हळदकुंकू लावून "आता म्हैस तुमची" म्हणाल्या, पेढा खाल्ला, मोनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

त्याच संध्याकाळी काकीनं मोनाला नवाकोरा लाल स्वेटर दिला. "घाल गं बाई. किती दिस त्यो मळका शर्ट? दे हिकडं, धुवून टाकती."

काकीच्या तोंडून 'बाई' ऐकून मोना विरघळलीच. तिनं शर्ट काढून दिला आणि जन्मात पहिल्यांदा काकीच्या कमरेला मिठी मारली. काकीनं मारू दिली.

सकाळी मोनाला उशिरा जाग आली. कुणी उठवलंच नव्हतं. गोठ्यात चरवीत धार वाजत होती. ती धावत गेली. काकी साडीवर तो शर्ट घालून बसली होती. शर्ट धुतला नव्हता, शेणाचे डागही तसेच होते. चांदी डोळे मिटून रवंथ करत होती आणि चरवी फेसानं भरत आली होती. जनावर वासावरून माणूस ओळखतं, हे गोठ्यात जन्म घालवलेल्या काकीला कुणी शिकवायला नको होतं. पोर मात्र समजत होती, चांदी आपल्यालाच ओळखते.

दाराशी काका तिची पिशवी घेऊन उभा होता. "चल. जयसिंगपूरला पोरींचं वसतिगृह हाय. मोप पोरी हाईत थितं, करमंल तुला."

मोना गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. रडून इथं काही मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"जाती मी," ती म्हणाली. "पर काकी, आण्णांचा शर्ट दे की. त्येंचं तेवढंच हाय माझ्याकडं."

काकीनं धार थांबवली नाही. "खुळी का काय! आन म्हशीनं काय करायचं?"

अंगणाच्या कडेला पोचल्यावर मोनानं वळून जोरात हाक मारली, "चांदे!"

चांदीनं कान हलवले, काकीच्या अंगातला शर्ट एकदा हुंगला आणि वैरणीत तोंड घातलं.