डावा पाय

ग्रंथालयाच्या दाराला लागून अपंगांच्या गाड्यांसाठी दोन जागा राखलेल्या होत्या. त्यातली एक ग्रंथालयात पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांची ठरलेली. त्यांचं अपंगत्वाचं कार्ड अगदी खरं होतं. हृदय निम्म्या ताकदीनं चालायचं आणि पन्नास पावलांत छातीचा भाता व्हायचा. पण हृदय बाहेरून कुणाला दिसतंय? दिसायचा तो रुंद खांद्यांचा धडधाकट माणूस. पहिल्याच आठवड्यात दोघातिघांनी त्यांना असं काही न्याहाळलं की काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरताना त्यांनी डावा पाय जरासा ओढला. नजरा लगेच निवळल्या.

वॉचमन तर विरघळलाच. दार धरून उभा राहायचा, हातातली पिशवी घ्यायचा, लिफ्ट बोलावून ठेवायचा. चार वर्षं हे सोंग चाललं. घरी काकूंना त्याचा पत्ताही नव्हता.

मग सूची विभागात एक तरुण मुलगी रुजू झाली. तिच्या गाडीच्या काचेवर तेच निळं कार्ड होतं. ती ताठ चालत दाराशी आली आणि वॉचमननं तिला अडवलं.

"ताई, कार्ड काय, आजकाल कुणीही काढतं. आमचे काका बघा, कसे पाय ओढत येतात. याला म्हणतात खरं. तुम्ही गाडी मागच्या मैदानात लावा."

काका नेमके तेव्हाच गाडीतून उतरले होते. एक वाक्य बोलले असते तरी काम झालं असतं. पण पाय सवयीनं ओढला गेला आणि ते दोघांच्या मधून लंगडत आत गेले. दिवसभर त्यांना सुईत दोरा ओवता आला नाही. संध्याकाळी आरशात बघायचीही चोरी झाली, इतकी स्वतःची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ते सरळ चालत वॉचमनसमोर उभे राहिले. तो हरखला, पाय बरा झाला का म्हणून विचारू लागला.

"पाय कधी बिघडलाच नव्हता," काका म्हणाले. "माझं हृदय अधू आहे. त्या ताईंनाही असंच काही असेल. त्यांना इथं गाडी लावू द्या."

वॉचमनचा चेहरा उतरला. हातात घेतलेली पिशवी त्यानं हळूच खाली ठेवली.

"पाय खोटा," तो म्हणाला, "मग कार्ड तरी खरं कशावरून?"

काका परत गाडीकडे वळले. गाडी काढून ते मागच्या मैदानात गेले. मुलगी निम्म्या वाटेत कठड्यावर बसली होती, ओठ निळसर पडलेले. काका धापा टाकत तिच्या शेजारी टेकले आणि मान खाली घालून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मुलाखतीला आले होते तेव्हा तुम्ही डावा पाय ओढत होता. परवा कागदपत्रं द्यायला आले तेव्हा उजवा, अन् काल पुन्हा डावा."

म्हणजे काल वॉचमन तिला खोटं ठरवत होता तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. एका शब्दात तिला काकांना उघडं पाडता आलं असतं. ती काही न बोलता गाडी काढून निघून गेली होती.